जुन्या मोटारींचे फोटो असेच का काढतात? थोडी पार्श्वभूमी

व्हिंटेज मोटारींच्या कुठल्याही मेळाव्यात फोटो काढणाऱ्यांकडे थोडा वेळ बघितलं की काही सवयी सगळ्यांच्या सारख्याच दिसतात. पुढच्या कोपऱ्यातून तिरका फोटो, कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर, पुढचं चाक थोडं वळवून त्याचा चेहरा आपल्याकडे, आणि ऊन चढायच्या आत बॅगा आवरलेल्या. यातलं फार थोडं आवडीनिवडीतून आलेलं आहे. बहुतेक सवयी प्लेट, शटर, रंग आणि मुलामा यांनी लावल्या. त्यातल्या काही अडचणी कधीच्याच मिटल्या, सवय तेवढी उरली. काही अडचणी मात्र मोबाइलमधून मागच्या दाराने परत आल्या आहेत.

लाल गाडी काळी दिसते ती का

मोटार जन्मली तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर निघत, आणि त्या प्लेटला सगळे रंग दिसत नसत. सुरुवातीच्या प्लेटा फक्त निळ्या-जांभळ्या उजेडाला दाद देत. १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान फोगेल यांना आढळलं की प्लेटच्या थरात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवाही दिसू लागतो. यातून पुढे ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट आली. लाल मात्र तिलाही दिसत नव्हता. सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट इंग्लंडमधल्या क्रॉयडनच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने १९०६ मध्ये विक्रीला आणली, तरी ऑर्थो लगेच मागे पडली नाही. ऑर्थो प्लेट लाल दिव्याखाली बघत बघत डेव्हलप करता येते, पॅनक्रोमॅटिकला पूर्ण अंधार लागतो. रोज डार्करूममध्ये हात काळे करणाऱ्याला हा फरक मोठा होता.

त्यामुळे त्या काळातल्या फोटोंत लाल, मरून आणि काळी या तिन्ही गाड्या एकसारख्या काळ्या दिसतात. फिकट निळी जवळजवळ पांढरी, पिवळी अपेक्षेपेक्षा गडद, आणि आकाश कोरं. रेल्वे इंजिनांचे कारखाने तर निव्वळ फोटोसाठी नव्या इंजिनाला मॅट करडा रंग देत, म्हणजे जोडकाम आणि रिव्हेट नीट उठून दिसावेत.

जुन्या फोटोवरून गाडी रंगवायला घेणाऱ्यांची फसगत इथेच होते. दुरंगी बॉडीतला जो पट्टा फोटोत गडद दिसतो तो प्रत्यक्षात भडक लाल असू शकतो, आणि ‘पांढरी’ वाटणारी गाडी आकाशी. प्लेट कोणती होती हे ओळखायचं तर चौकटीत रंग ठाऊक असलेली वस्तू शोधावी. संस्थानी फोटोंत पुष्कळदा युनियन जॅक सापडतो. त्यातला लाल पट्टा निळ्या भागापेक्षा गडद आला असेल तर प्लेट ऑर्थो होती असं समजायला हरकत नाही. त्यानंतरही शेवटचा शब्द फोटोचा नाही. दाराच्या बिजागरीमागे, डॅशबोर्डच्या पाठीला आणि तळाच्या फळ्यांखाली राहिलेला मूळ रंग खरवडून बघावाच लागतो.

डिजिटल कॅमेऱ्याचं दुखणं नेमकं उलटं आहे. भडक लाल बॉनेटवर ऊन पडलं की लाल चॅनल, म्हणजे लाल रंगाची वेगळी नोंद, आधी फुटतो आणि पत्र्यावरची घडी, कड, सावली सगळं एकाच रंगाचं ढेकूळ होतं. एकत्रित हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) तेव्हाही ठीकच दिसतो. तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे दाखवण्याची सोय चालू ठेवावी आणि लाल गाडीला एक्सपोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी द्यावं (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड).

झुकलेलं चाक

मोटारींच्या फोटोंमधला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध फोटो तांत्रिकदृष्ट्या बिघडलेला आहे. फ्रान्सच्या जाक-आंरी लार्तीगने तो वयाच्या एकोणिसाव्या वर्षी काढला. बरीच वर्षं त्यावर १९१२ साल लिहिलं जायचं, पण नंतरच्या शोधात तो १९१३ च्या अमिआँ इथल्या फ्रेंच ग्राँ प्रीचा असल्याचं पुढे आलं. गाडीचं मागचं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय आणि रस्त्याकडेचे लोक उलट्या दिशेला कलले आहेत. अर्धी गाडी चौकटीबाहेर. लार्तीगने फसलेला फोटो म्हणून तो बाजूला टाकला होता. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचं काम दाखवलं, तेव्हापासून तो वेगाचं प्रतीक होऊन बसला.

कारण साधं आहे. त्या कॅमेऱ्यातलं शटर म्हणजे फट असलेला पडदा. फट प्लेटवरून उभी सरकते आणि चित्राचा एकेक पट्टा क्रमाने उजळतो. इथे चाकाचा खालचा भाग आधी नोंदला गेला आणि फट वरच्या भागापर्यंत पोचेस्तोवर गाडी पुढे गेली होती, म्हणून चाक पुढे झुकलं. लार्तीग गाडीबरोबर कॅमेराही फिरवत होता, पण गाडीपेक्षा हळू. म्हणून स्थिर लोक चौकटीत मागे सरकत गेले आणि मागे कलले. एकाच फोटोत दोन्ही दिशांचा कल येण्याचं कारण हे अर्धवट पॅनिंग.

आजच्या मोबाइलचा सेन्सरही ओळीओळीने वाचला जातो, म्हणजे तीच फट. समजा पूर्ण चौकट वाचायला १/५० सेकंद लागतो आणि गाडी ताशी ३६ किलोमीटरने जातेय. सेकंदाला १० मीटर, म्हणजे तेवढ्यात गाडी २० सेंटिमीटर सरकली. गाडीने चौकटीची अर्धी उंची व्यापली असेल तर तिचं छत आणि चाकाचा तळ यांत १० सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि रोल्स-रॉइसचा ताठ उभा रेडिएटर कललेला दिसतो. कल कुठल्या दिशेला येणार ते फोन कोणत्या अंगावर आडवा केला त्यावर ठरतं. फोन उभा धरला तर ओळी आडव्या दिशेने वाचल्या जातात. मग गाडी झुकत नाही, वाचनाच्या दिशेने जात असेल तर लांबते, विरुद्ध जात असेल तर आखूड होते. ‘सायलेंट’ म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर ठेवलेले कित्येक मोठे कॅमेरेही हेच करतात. चालत्या गाडीसाठी मेकॅनिकल शटर लावावं. फोनच असेल तर गाडीच्या वेगानेच फोन फिरवावा, म्हणजे गाडी सरळ राहते आणि कल मागच्या खांबांच्या वाट्याला जातो.

शटरचा वेग निवडतानाही हिशेब करून बघण्यासारखा आहे. रॅलीत गाडी साधारण ताशी ३० किलोमीटरने, सेकंदाला ८.३ मीटर जाते. ७० सेंटिमीटर व्यासाचं चाक एका फेरीत २.२ मीटर जातं. १/३० सेकंदात ते सुमारे ४५ अंश फिरतं, तारांचे स्पोक विरघळून चकती दिसते. १/२५० ला ते जेमतेम साडेपाच अंश फिरतं आणि गाडी रस्त्यात उभी करून ठेवल्यासारखी येते. १/६० हा मधला सौदा. त्यात स्पोक पुसट होतात, नंबरप्लेट वाचता येते आणि दहातले तीन-चार फोटो तरी हाताला लागतात. १/३० ला एखादाच लागतो, पण लागला तर तोच लागतो.

चकाकीचा इतिहास

१९१५ च्या सुमारापर्यंत मोटारींचे दिवे, हॉर्न, रेडिएटर पितळी असत. मग निकेलचा मुलामा आला आणि विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात क्रोम. रंगाचंही तसंच. घोडागाड्यांसारखे हाताने दिलेले व्हार्निशचे थर वाळायला आठवडे लागत. ड्यूपाँची ड्यूको ही नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२३ मध्ये आली आणि ते काम फवारणीने फार थोड्या वेळात होऊ लागलं, शिवाय रंगांची निवड वाढली.

फोटोच्या दृष्टीने या तीन धातूंची वागणूक वेगळी आहे. निकेलमध्ये किंचित पिवळसर ऊब असते, क्रोम निळसर थंड. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपणहून रंग सावरणं, निकेलला चूक समजून ‘दुरुस्त’ करतो, आणि १९२४ च्या गाडीचे दिवे क्रोम केल्यासारखे दिसतात. जाणकाराला ते लगेच खटकतं, कारण खरोखरच चुकीचा मुलामा केलेल्या गाड्याही पुष्कळ फिरतात. करड्या कार्डावरून व्हाइट बॅलन्स बांधून घ्यावा, बंपरवरून कधीच नाही.

पोलरायझिंग फिल्टर सहज मिळू लागला तो एडविन लँड यांच्या पातळ पोलरायझिंग फिल्ममुळे, ज्याच्या पेटंटचा अर्ज १९२९ चा. काच आणि रंगावरची चकाकी तो कमी करतो, विशेषतः पृष्ठभागाशी सुमारे ३४ अंशांचा कोन करून बघितलं तर. धातूवर तो जवळजवळ निरुपयोगी. पितळ, निकेल, क्रोम यांना त्याने काही फरक पडत नाही. शिवाय दीड-दोन स्टॉप उजेड खातो. नवशिके तो पूर्ण फिरवतात आणि काळ्या पॅकार्ड गाडीचं बॉनेट रबरी दिसू लागतं. विंडस्क्रीनमधून स्टिअरिंग दिसायला लागलं की थांबावं. मडगार्डच्या गोलाईवर चकाकीची रेघ उरलीच पाहिजे, गोलाई कळते ती तिच्यामुळेच.

या फिल्टरचा एक आडफायदा आहे. टफन केलेल्या, म्हणजे तापवून झटकन थंड करून कणखर केलेल्या, काचेत ताण गोठलेला असतो आणि पोलरायझरमधून तिच्यावर ठिपके किंवा पट्टे उमटतात. साध्या आणि लॅमिनेटेड काचेत ते दिसत नाहीत. विसाच्या दशकातल्या गाडीच्या खिडकीत असे ठिपके दिसले तर ती काच नंतर बसवलेली आहे.

काळ्या किंवा गडद निळ्या गाडीसमोर उभं राहिलं की फोटो गाडीचा कमी आणि समोरच्या जगाचा जास्त येतो. दारात फोटोग्राफरचा पांढरा शर्ट, मंडपाचे खांब, बिसलेरीची बाटली. म्हणून गडद कपडे घालावेत. गाडीपासून सहा-आठ मीटर मागे जाऊन ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स लावावी आणि गुडघ्यावर बसून बॉडीतली क्षितिजरेषा बघत उंची बदलावी. ती रेषा दाराच्या मधोमध आडवी गेली की गाडी दोन तुकड्यांची वाटते, कमरेच्या मोल्डिंगजवळ, म्हणजे खिडकीखालच्या उठावाच्या पट्टीजवळ, आणली की खपून जाते. भर दुपारी सूर्य एकाच बिंदूतून येत असल्याने पॉलिशच्या गोल रेघोट्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या चमकतात, ढग आला की गायब.

हॉलमधल्या प्रदर्शनात आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फोटोत आडवे पट्टे पडतात. शटर १/५० किंवा १/१०० ला बांधलं की पट्टे जातात.

हिरवळ आणि घाट

‘कॉन्कूर द’एलेगाँस’, म्हणजे गाड्यांची सौंदर्यस्पर्धा, ही फ्रेंच प्रथा घोडागाड्यांच्या काळातली. पहिल्या महायुद्धानंतर कोचबिल्डर, म्हणजे गाडीची बॉडी बांधणारे कारखानदार, आणि कपड्यांची घराणी एकत्र आली, गाडीला शोभेल अशा पोशाखातल्या स्त्रिया शेजारी उभ्या राहू लागल्या. इटलीत कोमो तलावाकाठी व्हिला द’एस्तेचं कॉन्कूर १९२९ चं. कॅलिफोर्नियातलं पेबल बीच १९५० मध्ये मोटार शर्यतीची जोड म्हणून सुरू झालं. १९५६ मध्ये अर्नी मॅकॅफी या चालकाचा मृत्यू झाला आणि तिथल्या शर्यती बंद पडल्या, कॉन्कूर राहिलं. आता पहाटेच्या अंधारात गाड्या गोल्फच्या हिरवळीवर येतात तेव्हाच फोटोवाल्यांची सगळ्यात जास्त गर्दी असते. हिरवळीच्या तोट्याबद्दल कमी लोक बोलतात: दाराच्या खालच्या अर्ध्या भागावर आणि बंपरच्या पोटात हिरवी झाक चढते, पांढऱ्या गाडीवर तर फारच. ती नंतर फक्त त्याच भागात उतरवावी लागते, सगळ्या फोटोत उतरवली तर गाडी गुलाबी होते.

भारतातली रीत वेगळी पडली. इथे गाडीची परीक्षा रस्त्यावर व्हायची. १९०८ च्या सहा घाट आणि ६२० मैलांच्या मुंबई–कोल्हापूर चाचणीत फ्रँक नॉर्बरी यांनी ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही रोल्स-रॉइस उतरवली. पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांकडे गेली. दिल्लीत ‘द स्टेट्समन’ची रॅली १९६४ पासूनची. हिरवळीवरचं कार्टिए कॉन्कूर थेट २००८ मध्ये मुंबईत आलं. म्हणून आपल्याकडचे चांगले फोटो अजूनही रॅलीतच जास्त मिळतात.

झेंडा दाखवण्याच्या जागी मात्र उभं राहू नये. तिथे बॅनर, फेटे आणि मोबाइल धरलेले हात यांचेच फोटो येतात. पुढच्या पहिल्या वळणावर किंवा चढावर जावं. गाड्या उन्हाच्या आत निघतात त्याला कारण आहे. थर्मोसायफनवर चालणाऱ्या जुन्या इंजिनांत पाणी फिरवायला पंपच नसतो, संथ मिरवणुकीत ती लवकर तापतात. नऊनंतर चालक बॉनेटची एक झडप उचलून चामडी पट्ट्याने बांधतात आणि बाजूची रेषा तुटते. रेषा हवी असेल तर पहिला अर्धा तास, वाफ आणि धावपळ हवी असेल तर शेवटचा.

नोंदीचे फोटो

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन ५० वर्षांपेक्षा जुन्या, चासी, बॉडी आणि इंजिनात भरीव फेरफार नसलेल्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आली. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९७४ पासून पद्मिनी नावाने निघालेल्या पहिल्या गाड्या आता त्या वयात आल्या आहेत. शोभेच्या फोटोंइतकेच तपशिलाचे फोटो महत्त्वाचे झाले ते यामुळे. मूळ काय होतं हे उद्या याच फोटोंवरून ठरेल.

ठोकलेला चासी नंबर समोरून फ्लॅश मारून कधी वाचता येत नाही. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाकावा, एकदा डावीकडून, एकदा वरून. आधी रंगाखाली बुजलेले आकडे मग सावलीने उठतात, आणि ३ की ८ हा वाद मिटतो. पितळी पट्टीवर लेन्सचंच प्रतिबिंब येत असेल तर काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून फोटो घ्यावा. प्रत्येक जवळच्या फोटोआधी तोच भाग कुठे आहे ते दाखवणारा एक लांबचा फोटो घ्यावा, नाहीतर सहा महिन्यांनी ती पट्टी इंजिनावरची होती की फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची) हे कोणालाच सांगता येत नाही. आणि दार उघडायच्या आधी मालकाला विचारावं, पट्ट्याचं बकल मडगार्डला लागणार नाही असं उभं राहावं, बॅग फूटबोर्डवर ठेवू नये.