तपासणी आधी तिची, म्हणून बोलही तिलाच

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली. त्यानंतर बरीच वर्षं सरकारी लक्ष वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया, ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्यावरच होतं. कोल्हापूर पट्ट्यात पुणे-बंगळूर महामार्ग, इचलकरंजीचे यंत्रमाग आणि ऊसतोडीच्या टोळ्या. घरातली सून या यादीत आली ती गरोदर म्हणून, आणि नवऱ्याच्या आधी.

आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचं काम सुरू झालं, तेव्हा कळा आल्यावर आईला नेव्हिरापिन या एचआयव्हीविरोधी औषधाची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि ७२ तासांच्या आत बाळाला वजनाच्या हिशेबाने एक डोस, एवढाच उपचार होता. घरात कुणाला पत्ता न लागू देता तो उरकता येई. २०१४ पासून निदान झालेल्या गरोदर बाईला आयुष्यभराची औषधं सुरू झाली. वैद्यकीयदृष्ट्या निर्णय योग्यच. पण रोजची गोळी आणि एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राच्या फेऱ्या एकत्र कुटुंबात किती दिवस लपणार? घरी सांगणं भाग पडलं. सांगितल्यावर मार पडला, घराबाहेर काढलं, तर पुढे काय, याची तयारी मात्र मागेच राहिली.

अडचण पहिल्या पायरीपासून दिसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून रक्त घेतात ती फक्त चाळणी. रिअॅक्टिव्ह, म्हणजे लागणीची शंका दाखवणारं, आलं तर आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन व तपासणी केंद्रात, पुन्हा रक्त देऊन वेगवेगळ्या तीन किटवर खात्री करावी लागते. ही दुसरी फेरी गळतीची जागा. ‘परत कशाला बोलावलंय?’ असं सासूने विचारलं की बाई ‘रक्त कमी आहे’ म्हणून वेळ मारून नेते, सोबत कुणी आलं तर जातच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर नाव एका तालुक्यात, बाळंतपण दुसऱ्यात. कार्डावरचा मोबाईल नंबर बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा दिराचा. त्यावर केंद्रातून फोन गेला की गुपित फुटलंच.

नवऱ्याचं उत्तर ठरलेलं: ‘तुझी झाली ना, मग माझी कशाला?’ बायको निगेटिव्ह असली तरी तो पॉझिटिव्ह असू शकतो. ती पॉझिटिव्ह निघाली तर ‘तूच आणलंस’, कारण कागद आधी तिचा निघाला. दोघांचं रक्त एकाच दिवशी घेतलं तर या आरोपातली हवा बरीच निघते. पण त्याआधी तिला एकटीला बाजूला घेऊन, दार लावून, घरी मारहाण होते का हे विचारायलाच हवं. ते न विचारता ‘नवऱ्याला घेऊन या’ म्हणणं धोक्याचं आहे.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ सालीच स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला होता. देशात घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा. एचआयव्ही कायदा २०१७ चा, लागू झाला सप्टेंबर २०१८ मध्ये. त्याच्या कलम ९ नुसार, सांगितल्याने हिंसा होईल किंवा बाईला टाकून देतील अशी रास्त भीती असेल तर आरोग्य कर्मचाऱ्याने तिच्या जोडीदाराला निकाल कळवायचा नाही. कलम २९ बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतं. तपासणीला समजून दिलेली संमती लागते. हिमोग्लोबिनच्या नळीसोबत उरकून टाकलेली तपासणी म्हणजे संमती नव्हे.

जबरदस्तीच्या संबंधानंतर लागण टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. सुरू करताना तपासणीही होते. अनोळखी माणसाने केलेल्या अत्याचारात हा विषय निदान निघतो. लग्नातल्या जबरदस्तीत तो काढायचा तर बाईला केंद्रात तसं बोलता यायला हवं, आणि पुढे २८ दिवस त्या गोळ्या त्याच घरात ठेवायच्या असतात. म्हणून समुपदेशकाने तिच्याशी आधी ठरवायचं ते असं: डबी कुठे राहील, फोन कोणत्या नंबरवर करायचा, आणि रात्री निघावं लागलं तर जायचं कुणाकडे. एचआयव्हीबद्दल विचारायला १०९७ आणि घरातल्या छळासाठी १८१, हे दोन्ही क्रमांक तिला तोंडपाठ करून द्यावेत. चिठ्ठीवर लिहून दिले तर ती चिठ्ठी घरात सापडते.