सुतात की एमएममध्ये? न बसणाऱ्या बोल्टमागचा इतिहास

साताऱ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट मागितला की दुकानदार आधी विचारतो, "सुतात देऊ की एमएममध्ये?" पुष्कळ गिऱ्हाइकं यावर गप्प होतात. मीही व्हायचो. पण या एका प्रश्नात जवळजवळ 180 वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसला की काय होतं ते मी गावाकडे पाहिलंय.

आमच्या कडबाकुट्टीच्या पात्याचा नट पडला. मी दहा एमएमचा नवा नट आणला. पहिले दोन-तीन आटे हातानेच चढले, पुढे जरा कसला, मला वाटलं छान बसला. आठवड्याच्या आत पातं हलायला लागलं. तेव्हा जवळ कुणाचा हात नव्हता, हे नशीब. लेथवाल्या मामांनी बोल्ट काढून व्हर्नियर लावला आणि म्हणाले, "अरे, हा तीन सुती आहे. एमएमचा नट यावर कसा चढवलास?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती म्हणजे 9.525 मिलिमीटर, दहाच्या अगदी जवळ. तीन सुती बोल्टवर एका इंचात 16 आटे असतात, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, पिच, 1.5875 मिलिमीटर. दहा एमएमच्या साध्या बोल्टचं पिच 1.5. फरक इतका कमी की हाताला तो कळत नाही. त्या नटानं आटे नुसते टोकाला धरले होते.

हा घोळ सुरू झाला तो आटे कापायची रीत एक नव्हती म्हणून. 1800 च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ले यांनी अचूक आटे कापणारं लेथ बनवलं, तरी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळेच राहिले. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नसे. त्यांच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडभरच्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, सरासरी काढली आणि 1841 मध्ये एक पद्धत मांडली: आट्याचा कोन 55 अंश, माथा आणि तळ गोल, जाडीप्रमाणे इंचातले आटे ठरलेले. रेल्वेने ती उचलली आणि इंग्रजी यंत्रांबरोबर ती आपल्याकडे आली.

अमेरिकेत विल्यम सेलर्स यांना 55 अंश आणि तो गोल माथा करायला किचकट वाटला. 1864 मध्ये त्यांनी 60 अंश आणि सपाट माथा सुचवला. त्यामुळे चार सुती बोल्टही दोन जातींचा झाला: इंग्रजी असेल तर इंचात 12 आटे, अमेरिकन असेल तर 13. दुसऱ्या महायुद्धात एका देशाचे सुटे भाग दुसऱ्या देशाच्या यंत्रांना बसेनात, तेव्हा या भांडणाची खरी किंमत कळली. अखेर 1948 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी 60 अंशांचा एकच आटा मान्य केला, पण इंचातच. युरोपात मात्र 1898 पासून मिलिमीटरचे आटे ठरत आले होते, आणि पुढे जगाने बहुतांशी तेच घेतले.

या सगळ्याचे थर सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत एकावर एक बसले आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. 1922 मध्ये धनजीशा कूपर यांनी सातारा रोड या गावी कारखाना काढला. त्या काळात देशभर इंचाचंच राज्य होतं. त्यामुळे जुना नांगर, जुन्या पंपाची जोडणी उघडली की सुती बोल्ट निघतो, त्यात नवल नाही.

मग मापं बदलली. 1956 च्या कायद्याने देश दशमान पद्धतीवर आला आणि कारखाने हळूहळू मिलिमीटरकडे वळले. जिभेवरचं सूत मात्र गेलं नाही. स्लॅबची सळई आज दहा एमएमची असते, तरी आमचा गवंडी तिला तीन सुतीच म्हणतो. भाषा टिकली याचा मला आनंदच आहे, पण बोल्ट घेताना याच सवयीने घात होतो.

व्हिटवर्थ यांचा कोन तर आजही आपल्या घरात आहे, मोरीतल्या नळात. पाइपाचे आटे अजून त्याच 55 अंशांचे आहेत. "अर्धा इंची" नळाचे आटे बाहेरून मोजले तर जवळजवळ 21 मिलिमीटर भरतात, कारण अर्धा इंच हे माप जुन्या पाइपाच्या आतल्या पोकळीवरून आलं. पट्टी लावून नळ आणायला गेलेला माणूस म्हणूनच गोंधळतो.

मिलिमीटर आले म्हणजे गोंधळ संपला, असंही झालं नाही. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनायची. तिच्या इंजिनाची घडण इटालियन व्हेस्पाची, आणि त्या घराण्यात सात एमएमचे बोल्ट आहेत, ज्यांना अकराचा पाना लागतो. दुकानात सहा मिळतो, आठ मिळतो, सात क्वचितच. जुनी प्रिया सांभाळणारी मंडळी म्हणूनच निघालेला एकही बोल्ट टाकून देत नाहीत, आणि ते अगदी बरोबर करतात.

1980 नंतर जपानी घडणीच्या मोटारसायकली आल्या. त्यांचा दहाचा बोल्ट बहुधा बारीक आट्याचा, पिच 1.25, आणि डोकं 14 च्या पान्याचं. हार्डवेअरमधला दहाचा बोल्ट 1.5 पिचचा, त्याला 16 किंवा 17 चा पाना लागतो. पाना मारून दाबत घातला तर इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियममधले आटे सोलून निघतात, मग मोठा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारण्यावाचून गत्यंतर नाही. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे तर उलटे, तिथे नेहमीच्या हाताने जोर लावला की काम बिघडतंच. शिलाई मशीनचे स्क्रू या कुठल्याच रांगेत बसत नाहीत, ते मशीनच्या दुकानातूनच आणावेत.

मामांकडून मी एक रीत शिकलो. जुना बोल्ट आणि नवा बोल्ट शेजारी धरायचे, आट्यात आटा बसवायचा आणि उजेडासमोर पाहायचं. मधून उजेड दिसला तर पिच वेगळं. शक्यतो नटही सोबत न्यायचा, आणि बोल्टच्या डोक्यावर 8.8 असा आकडा असेल तर तसाच मागायचा. तो ताकदीचा आकडा आहे, चकाकी पाहून घेतलेला साधा बोल्ट त्या जागी तुटतो. त्या दिवशी मामांनी भंगाराच्या डब्यातून तीन सुती नट शोधून दिला, पैसे घेतले नाहीत. कडबाकुट्टीच्या त्या पात्यावर तोच नट अजून आहे.