पंख्याच्या पात्यावरचं नाव

देवळाच्या सभामंडपातल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवलेलं असतं. पंखा बंद केला की ते वाचता येतं! विद्यापीठांच्या बाबतीत पात्याच्या जागी अख्खी इमारत येते. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, मग मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं, नाव द्यायचं ठरलं. कापसाच्या तेजीत कमावलेली दौलत १८६५ मध्ये बुडाली. मनोरा पुरा झाला १८७८ मध्ये, आणि नाव आजही आहे.

पण नाव मिळतं म्हणूनच माणूस देतो का? निव्वळ परोपकार असता तर काम दुसऱ्या कुणाच्या पैशानं झालं तरी चाललं असतं. मात्र सरकारनं पैसे दिले म्हणून लोक तेवढीच देणगी कमी करत नाहीत. कारण आपल्या हातून दिल्याचं सुख वेगळंच असतं, असं अर्थशास्त्रज्ञ जेम्स आंद्रेओनी यांनी मांडलं.

२००७ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे सुख मेंदूत शोधलं. १९ स्त्रियांना प्रत्येकी १०० डॉलर देऊन स्कॅनरमध्ये झोपवलं. त्यातले काही पैसे करासारखे सक्तीनं कापून अन्नछत्राला जात, काही वेळा निर्णय त्यांचा असे. स्वतःला पैसे मिळाल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, ते सक्तीच्या कपातीतही जागे झाले. स्वखुशीनं दिल्यावर अधिकच.

याच प्रयोगातले विल्यम हार्बो यांनी पूर्वी एका लॉ स्कूलच्या देणग्या तपासल्या होत्या. तिथं देणगीदारांची नावं रकमेच्या गटांनुसार छापली जात, आणि बहुतेक रकमा गटाच्या अगदी खालच्या पायरीवर थबकलेल्या आढळल्या. मला हा निष्कर्ष मेंदूच्या चित्रांपेक्षा बोलका वाटतो. आणखी एका अभ्यासात माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या मुलांचं प्रवेशाचं वय जवळ आलं की वाढल्या, प्रवेश नाकारला गेला की आटल्या. असा हिशेबीपणा आपल्याकडे कुणाला नवा नाही म्हणा.

रूथ गॉट्समन मात्र या चौकटीत नीट बसत नाहीत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं होतं. पतीनं मागे ठेवलेल्या शेअर्समधून २०२४ मध्ये त्यांनी तिथं १०० कोटी डॉलर दिले, विद्यार्थ्यांची फी कायमची माफ व्हावी म्हणून. अट एकच घातली: कॉलेजचं नाव बदलायचं नाही.