नवशिक्याची संगणकीय दुर्बीण : निवडीमागचा इतिहास आणि कोल्हापूरचे आकाश

कोल्हापुरात पहिली दुर्बीण घेऊ पाहणारा माणूस पूर्वी ‘भिंगाची घ्यावी की आरशाची’ असे विचारत असे. आता तो ‘कॉम्प्युटरवाली घ्यावी का’ असे विचारतो. प्रश्न नवा वाटत असला तरी त्याच्या पोटात दोन जुने प्रश्न आहेत. सरकत्या ताऱ्याच्या मागे दुर्बीण कशी फिरवावी हा पहिला, आणि डोळ्यांना न दिसणारी वस्तू आकाशात शोधावी कशी हा दुसरा. ही दोन कामे माणसाच्या हातून यंत्राकडे एकाच वेळी गेलेली नाहीत. त्यांच्यामध्ये दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. आपल्याला यांपैकी कोणते काम यंत्राकडून करून हवे आहे, हे ठरवल्याशिवाय केलेली खरेदी बहुतेक वेळा चुकते.

पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी पूर्ण करते. नुसत्या डोळ्यांना आकाशाची ही गती जाणवत नाही. पण दुर्बिणीतून शंभरपट मोठे करून पाहिले की शनी दृष्टिक्षेत्राच्या एका कडेने शिरून सुमारे दोन मिनिटांत दुसऱ्या कडेने बाहेर पडतो. मोठ्या वेधशाळांना ही अडचण सर्वांत आधी भेडसावली. १८२४ साली जर्मन भिंगकार फ्राउनहोफरने डोरपाटच्या (आजचे एस्टोनियातील तार्तू) वेधशाळेसाठी २४ सेंटिमीटर व्यासाची भिंगाची दुर्बीण बनवली, तेव्हा तिचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला आणि खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारे घड्याळी यंत्र त्याला जोडले. एकाच अक्षाभोवती संथपणे फिरत राहिले की तारा दृष्टिक्षेत्रात स्थिर राहतो, ही ती कल्पना. दुर्बीण ज्या फिरत्या बैठकीवर बसते तिला माउंट म्हणतात; आजच्या इक्वेटोरियल माउंटचे हे मूळ आहे.

ही विद्या महाराष्ट्रात यायला फार वेळ लागला नाही. १८८८ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली आणि कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तिथे ग्रब यांच्या कारखान्यातली २० इंची आरशाची दुर्बीण चालवली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे वेध घेण्याचा तळ ठोकला होता. १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या निष्ठेवर उभी राहिलेली संस्था त्याच्या निवृत्तीबरोबर मिटावी, याची हळहळ आजही वाटते.

दुसरा प्रश्न, शोधण्याचा, मात्र विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपर्यंत माणसाकडेच राहिला. फ्रेंच खगोलज्ञ मेसिए याच्या तेजोमेघ, तारकागुच्छ व दीर्घिकांच्या यादीत ११० वस्तू आहेत आणि ड्रेयरने १८८८ साली प्रसिद्ध केलेल्या एनजीसी (न्यू जनरल कॅटलॉग) सूचीत ७,८४०. त्यांतली एखादी अंधूक दीर्घिका गाठायची तर हौशी निरीक्षक तेजस्वी ताऱ्यापासून निघत असे आणि नकाशा पाहत एकेक तारा ओलांडत तिच्यापर्यंत पोहोचत असे. या पद्धतीला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे वाटेतले फिकट तारे दिसतील इतके काळोखे आकाश.

अमेरिकेत नेमके तेच दुर्मीळ होत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांभोवती उपनगरे पसरली, रस्त्यांवर दिवे आले आणि घराच्या अंगणातून वाटेतले तारे दिसेनासे झाले. त्याच काळात कॅलिफोर्नियात सेलेस्ट्रॉन कंपनीचे संस्थापक टॉम जॉन्सन यांनी श्मिट-कॅसेग्रेन, म्हणजे आरशांपुढे काच बसवलेल्या आखूड दुर्बिणीसाठी लागणारी अवघड वक्रतेची पातळ काच निर्वात पद्धतीने साच्यावर ओढून घासण्याची युक्ती काढली आणि ती कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. १९७० साली आलेल्या सेलेस्ट्रॉनच्या आठ इंची सी-८ ने आखूड, हातात उचलता येईल अशी मोठी दुर्बीण सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणली. त्यानंतर हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये आला आणि दुर्बिणींना मोठे गिऱ्हाईक मिळाले. त्यांतल्या अनेकांच्या अंगणातून आकाश उजळलेलेच दिसत होते. १९८७ साली सेलेस्ट्रॉनने कॉम्प्युस्टार बाजारात आणली आणि १९९२ साली मीड कंपनीची एलएक्स-२०० आली. बटण दाबल्यावर दुर्बीण स्वतःहून वळते, ही सोय घरगुती ग्राहकापर्यंत पोहोचली ती इथून. १९९९ मध्ये मीडने आपल्या छोट्या ९० मिलिमीटरच्या ईटीएक्सला संगणक जोडला, त्याच सुमारास सेलेस्ट्रॉनची नेक्सस्टार मालिका सुरू झाली, आणि नवशिक्याच्या खरेदीत संगणक शिरला तो त्या वर्षांत. म्हणजे संगणकीय दुर्बीण जन्मली ती दिव्यांनी उजळलेल्या आकाशाची गरज म्हणून. कोल्हापुरातल्या ग्राहकाने ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

यंत्र नेमके काय करते, हे समजून घेणे फारसे कठीण नाही. दोन्ही अक्षांवर मोटर असते आणि अक्ष किती अंशांनी फिरला हे मोजणारा एन्कोडर असतो. यंत्राच्या स्मरणात हजारो वस्तूंचे विषुवांश व क्रांती, म्हणजे आकाशातले रेखांश व अक्षांश, साठवलेले असतात. त्याला ठाऊक नसते ते एवढेच, की आत्ता तिपाई कोणत्या दिशेला आहे आणि डोक्यावर आकाशाचा कोणता भाग आहे. म्हणून ते तारीख, वेळ, टाइम झोन आणि ठिकाण विचारते व दोन ओळखीचे तारे मध्यावर आणायला सांगते; हीच दुर्बिणीची जुळणी. जीपीएस आल्यावर काही महागड्या यंत्रांत वेळ व ठिकाण आपोआप मिळू लागले. पण नवशिक्याच्या किमतीतील बहुतेक दुर्बिणींत ते हाताने भरावे लागते.

इथे एक प्रसंग सांगतो. राजारामपुरीतील एका गच्चीवर ५ फेब्रुवारीच्या रात्री आठ वाजता आम्ही आठ-दहा जण एका नव्या दुर्बिणीभोवती जमलो होतो. तारीख भरल्यावर पडद्यावर पहिला तारा म्हणून स्वातीचे इंग्रजी नाव आले. मोटर घरघरली, नळी पूर्वेकडे वळली आणि शेजारच्या उंच इमारतीवरच्या काळ्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून थांबली. स्वाती त्या दिवसांत मध्यरात्रीच्या जरा आधी उगवते. आठ वाजता ती दिसणे शक्यच नव्हते. यंत्र बिघडले असे सर्वांना वाटले. खरे कारण असे होते की ते यंत्र अमेरिकी रीतीने आधी महिना मागत होते आणि आम्ही आपल्या सवयीने आधी दिवस भरला होता. त्याने ५ फेब्रुवारी ही तारीख २ मे अशी वाचली, आणि २ मे रोजी त्या वेळी स्वाती खरोखरच पूर्वेला असते. यंत्राने दिलेल्या माहितीवर अचूक काम केले होते. त्या रात्री एकाला जरी स्वाती कधी उगवते हे ठाऊक नसते, तर दुर्बीण दुसऱ्या दिवशी दुकानात परत गेली असती.

म्हणूनच संगणक घेतला तरी दहा-बारा तारे ओळखता आलेच पाहिजेत, आणि आपल्याकडे त्यांची दोन-दोन नावे शिकावी लागतात. रोहिणी आणि मृग ही नावे करवीर-कागलच्या शेतकऱ्याच्या तोंडी रोजची असतात, पण ती पावसाची नक्षत्रे म्हणून. ती नावे धारण करणारे तारे आकाशात दाखवणारे थोडे. यंत्राच्या पडद्यावर तर रोहिणी ‘आल्डेबरान’ असते, व्याध ‘सिरियस’, अगस्त्य ‘कॅनोपस’, अभिजित ‘व्हेगा’ आणि ब्रह्महृदय ‘कॅपेला’. वहीच्या एका पानावर ही जोड-नावे लिहून ती तिपाईला बांधून ठेवणे, हा मी पाहिलेला सर्वांत उपयोगी जोडसामानाचा प्रकार आहे.

आता आपल्या गावाच्या अक्षांशाकडे येऊ, कारण खरेदीच्या सल्ल्यांत हा मुद्दा सहसा सुटतो. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तरेला आहे, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम तेवढाच वर दिसतो. इक्वेटोरियल माउंटचा अक्ष त्याच्याकडे रोखावा लागतो. पण शहरात इतक्या खाली इमारती असतात, धूळ असते आणि दिव्यांचा उजेडही तिथेच दाटलेला असतो. शिवाय अक्ष इतका खाली कलवला की अनेक स्वस्त माउंटांचा वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो, कारण ती यंत्रे बहुधा चाळीस-पन्नास अंशांवरच्या ग्राहकासाठी घडवलेली असतात. त्यामुळे छायाचित्रणाची ओढ नसलेल्या नवशिक्याला, माझ्या मते, इथे वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा साधा आल्टअझिमथ माउंटच सोयीचा आहे. त्यात पूर्वी ताऱ्याच्या मागे आपोआप जाता येत नसे. दोन्ही मोटरी एकाच वेळी वेगवेगळ्या गतीने फिरवण्याचा हिशेब संगणक करू लागल्यापासून ती उणीव भरून निघाली. कोल्हापूरकराला संगणकाचा खरा लाभ शोधण्याइतकाच या मागे जाण्यात आहे.

या माउंटची एक अडचण मात्र इथेच जास्त जाणवते. तारा नेमका डोक्यावर आला की खालच्या अक्षाला फार वेगाने गिरकी घ्यावी लागते आणि दुर्बीण चाचपडते. रोहिणी ताऱ्याची क्रांती साडेसोळा अंश आहे, म्हणजे तो कोल्हापूरच्या जवळजवळ थेट माथ्यावरून जातो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री आठनंतर थोड्याच वेळात तो तिथे असतो. नवी दुर्बीण जुळवताना नेमका तोच तेजस्वी तारा निवडण्याचा मोह होतो आणि जुळणी बिघडते. आकाशाच्या मध्यम उंचीवरचे, एकमेकांपासून दूर असलेले तारे घ्यावेत.

क्रांती हा शब्द नवख्याला जड वाटतो, पण कोल्हापुरात तो समजावायला अंबाबाईच्या देवळासारखे दुसरे उदाहरण नाही. किरणोत्सवात मावळत्या सूर्याची किरणे जानेवारीअखेर व फेब्रुवारीच्या आरंभी गाभाऱ्यात शिरतात, आणि तशीच ती ९ ते ११ नोव्हेंबरच्या सुमारासही शिरतात. या दोन्ही वेळी सूर्याची क्रांती दक्षिणेला सुमारे सतरा अंश असते, म्हणून तो क्षितिजावर एकाच जागी मावळतो. संगणकीय दुर्बीण प्रत्येक वस्तूसाठी जो आकडा जपून ठेवते, तो हाच.

संगणकाच्या वाटेला समांतर अशी दुसरी वाट त्याच अमेरिकेत तयार झाली होती, आणि तिचा उल्लेख केल्याशिवाय ही पार्श्वभूमी अपुरी राहील. सॅन फ्रान्सिस्कोत जॉन डॉब्सन यांनी हाताने घासलेला मोठा आरसा साध्या लाकडी पेटीत बसवला आणि १९६० च्या दशकात फुटपाथवरून लोकांना चंद्र-शनी दाखवले. त्यात मोटर नाही, वीज नाही; सगळा पैसा आरशात. दुर्बिणीला प्रकाश मिळतो तो आरशाच्या क्षेत्रफळाइतका, आणि १३० मिलिमीटरचा आरसा ७० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा जवळजवळ साडेतीनपट प्रकाश गोळा करतो. ठरलेल्या रकमेत संगणक घेतला की आरसा लहान होतो; या हिशेबातून सुटका नाही. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात स्वतः चित्रपटाचा कॅमेरा बनवला होता, आणि उद्यमनगरात आजही हवा तो सुटा भाग लेथवर काढून मिळतो. अशा गावात डॉब्सन पद्धतीची बैठक बनवून घेणे मुळीच अवघड नाही, आणि शाळांनी हा मार्ग अधिक धरावा असे मला मनापासून वाटते.

गेल्या काही वर्षांत या दोन वाटा जवळ येऊ लागल्या आहेत. २०२० साली सेलेस्ट्रॉनने मोबाइलच्या कॅमेऱ्याने आकाश ओळखून ‘नळी इकडे ढकला’ असे सांगणारी स्टारसेन्स एक्सप्लोरर मालिका आणली. तीत मोटर नसते, त्यामुळे पैसा आरशाकडे वळतो. २०२३ मध्ये आलेल्या सीस्टार एस-५० सारख्या यंत्रांत तर डोळा लावण्याची जागाच नाही. ५० मिलिमीटरच्या भिंगातून आलेले चित्र थेट मोबाइलवर साठत जाते. घरातल्या वृद्धांना आणि लहान मुलांना एकत्र दाखवण्यासाठी ते उत्तम आहे. पण शनीची कडी स्वतःच्या डोळ्याने पाहताना माणूस जो क्षणभर गप्प होतो, तो अनुभव पडदा देत नाही.

निवडीचा निर्णय अखेर आपण कुठे उभे राहणार यावर ठरतो. शाहूपुरीत किंवा रंकाळ्याच्या काठावर राहणाऱ्याने, ज्याला घराच्या गच्चीवरूनच पाहायचे आहे, त्याने १०० ते १३० मिलिमीटरची संगणकीय दुर्बीण घ्यावी. त्याच्या आकाशात वाटेतले तारे उरलेले नाहीत, आणि हे यंत्र ज्या परिस्थितीसाठी जन्मले ती हीच. जो महिन्यातून एकदा शहराबाहेरच्या काळोखात, मसाई पठारावर किंवा दाजीपूरच्या बाजूला जाऊ शकतो, त्याने त्याच पैशात सहा किंवा आठ इंची डॉब्सन घ्यावी आणि वाट स्वतः शिकावी. संगणकीय यंत्राबरोबर बारा व्होल्टची चांगली बॅटरी वेगळी घ्यावी लागते, कारण आतल्या पेन्सिल सेलवर मोटरी फार काळ टिकत नाहीत आणि विजेचा दाब उतरला की यंत्र जुळणी विसरते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे आकाश बंदच असते; त्या दमट महिन्यांत भिंगावर आणि आरशावर बुरशी धरते, सर्किटलाही ओल बाधते, म्हणून सिलिका जेल घालून दुर्बीण हवाबंद पेटीत ठेवावी. विकत घेण्यापूर्वी हँड कंट्रोलर किंवा मोटर बिघडल्यास ती कोण दुरुस्त करणार, हे दुकानदाराकडून लेखी घ्यावे. २०२४ मध्ये मीडसारख्या जुन्या कंपनीचा कारभार गुंडाळला गेल्यापासून हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा झाला आहे.

एक गोष्ट दोन्ही प्रकारच्या दुर्बिणवाल्यांसाठी सारखीच आहे. यंत्रातल्या ‘आज रात्रीच्या उत्तम वस्तू’ या यादीवर विसंबून न राहता दक्षिणेकडे पाहावे. ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ न्यूयॉर्कहून क्षितिजापासून जेमतेम दोन अंश वर येतो, म्हणजे तिथल्या हौशी निरीक्षकाला तो जवळजवळ दिसतच नाही. मसाई पठारावरून तोच मेच्या मध्यात, रात्री साडेदहाच्या सुमारास, दक्षिणेला २६ अंशांवर असतो, आणि सहा इंची आरशात त्याच्या कडेचे तारे एकेक वेगळे मोजता येतात.