‘मुक्ता’ : मोत्यावरून आलेले नाव

सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका घरी बारशाला गेलो होतो. पाळण्याला चिकटवलेल्या कागदावर ठळक मराठी अक्षरांत ‘मुक्ता’ लिहिलेले होते आणि पाळणा हलवणारी तेलुगूभाषक पणजी मात्र बाळाला ‘मुत्यालू’ म्हणून हाक मारत होती. शेजारच्या एका बाईंनी तिला नाव नीट घ्यायला सांगितले. वास्तविक पणजीचे काहीच चुकले नव्हते. तेलुगूत मोत्याला ‘मुत्यम’ म्हणतात आणि ‘मुत्यालू’ हे त्याचेच अनेकवचन. कन्नडमध्ये मोती म्हणजे ‘मुत्तु’. आणि संस्कृतातील ‘मुक्ता’ या स्त्रीलिंगी नामाचा अर्थही मोती असाच आहे. आज हे नाव कानावर पडले की बहुतेकांना ‘बंधनातून सुटलेली’ एवढाच अर्थ सुचतो. त्यात नवरत्नांपैकी एक रत्न दडलेले आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

वेदकाळात मोत्यासाठी ‘मुक्ता’ हा शब्द रूढ नव्हता. ऋग्वेदात सविता या सूर्यदेवाच्या रथाच्या वर्णनात ‘कृशन’ असा शब्द येतो आणि त्याचा अर्थ मोती असा लावला जातो. ‘मुक्ता’ नंतर आला, आणि तो कोठून आला याविषयी दोन मते आहेत. ‘मुच्’ म्हणजे सुटणे या धातूवरून, शिंपल्यातून मोकळा झालेला तो मुक्ता, अशी पारंपरिक व्युत्पत्ती आहे. दुसऱ्या मतानुसार द्राविडी भाषांतील ‘मुत्तु’ हाच मूळ शब्द असून, ‘सुटलेली’ या अर्थाच्या संस्कृत ‘मुक्ता’चे प्राकृत रूपही ‘मुत्ता’ असेच होत असल्यामुळे, या परक्या शब्दावर संस्कृत साज चढवताना त्याचा ‘मुक्ता’ झाला. मला दुसरे मत अधिक पटते, कारण मोत्यांचा व्यापार दक्षिणेकडचा होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोत्यांचे जे दहा प्रकार दिले आहेत, त्यांत आरंभीच ताम्रपर्णिक आणि पांड्यकवाटक हे येतात. दोन्ही नावे थेट पांड्य देशाकडे, मन्नारच्या आखाताच्या बाजूला बोट दाखवतात. आपला ‘मोती’ मात्र ‘मौक्तिक’पासून प्राकृतातील ‘मोत्तिअ’च्या वाटेने आला. मराठीत तो मोतीराम, मोतीलाल अशा पुरुषांच्या नावांत टिकला आणि पुढे घरोघरच्या कुत्र्यांनाही मिळाला. मुलीसाठी ‘मुक्ता’च उरला, हे बरेच झाले.

मोती कसा तयार होतो याविषयी जुन्या लोकांनी मोकळ्या मनाने कल्पना केल्या. वराहमिहिराने सहाव्या शतकात मोत्याची आठ उगमस्थाने सांगितली आहेत आणि त्यांत शिंपल्याबरोबर हत्ती, साप, ढग, बांबू आणि रानडुक्करही आहेत. स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडून मोती होतो, ही समजूत तर अजून बोलण्यात आहे. प्रत्यक्षात कालवाच्या अंगात एखादा परजीवी किंवा बाहेरचा कण शिरला की तो प्राणी त्याभोवती कॅल्शियम कार्बोनेटचे पातळ थर चढवत जातो. इतर रत्नांना पैलू पाडावे लागतात, मोत्याला लागत नाहीत.

नावाचा अर्थ मोत्याकडून मुक्तीकडे सरकला तो संतांच्या काळात. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई या भावंडांच्या नावांत वारकरी परंपरेने एक चढती वाट पाहिली आणि तिच्या शेवटी मुक्ती ठेवली. परंपरेनुसार 1279 ते 1297 एवढेच आयुष्य लाभलेल्या या मुलीने, रुसून झोपडीचे दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना ‘ताटी उघडा’ म्हणून विनवले. तिच्या नावाने एदलाबादचे मुक्ताईनगर झाले आणि तेथून तिची पालखी दर आषाढीला आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरला येते.

सोलापूरकरांनी आणखी एका मुक्तेची आठवण ठेवायला हवी. मुक्ताबाईच्या सुमारे शंभर वर्षे आधी, 12व्या शतकात, मुक्तायक्का नावाची कन्नड वचनकर्ती, म्हणजे वचने ही छोटी भक्तिपर गद्यकाव्ये रचणारी कवयित्री, होऊन गेली. अजगण्णा हा तिचा भाऊ आणि गुरूही. त्याच्या मृत्यूनंतर शोक करणाऱ्या मुक्तायक्केची शिवभक्त संत अल्लमप्रभूंशी भेट झाली आणि दोघांचा दीर्घ संवाद झाला, असे ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात सांगितले आहे. याच ग्रंथात अल्लमप्रभू सोन्नलगीला, म्हणजे आजच्या सोलापूरला, येऊन सिद्धरामांना भेटतात. एका मुक्तेने रुसलेल्या भावाची समजूत काढली, भाऊ गेल्यावर दुसरीचीच कोणाला तरी समजूत घालावी लागली.

पणजीच्या तेलुगू शब्दामागे आणखी निराळी परंपरा आहे. तेलंगणातील गावोगावी मुत्यालम्मा नावाची ग्रामदेवता असते. अंगावर उठणाऱ्या देवीच्या फोडांना भीतीपोटी आणि आदरापोटी ‘मोती’ म्हणण्याची दक्षिणेत रीत होती, आणि ते मोती देणारी व आवरणारी ती मुत्यालम्मा. मराठीने तर त्या रोगालाच ‘देवी’ म्हटले. 1980 साली तो रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले, पण हातमागाच्या कामासाठी तेलंगणातून सोलापूरच्या पूर्व भागात येऊन राहिलेल्या विणकर कुटुंबांबरोबर देवीचे नाव इथे आले ते आलेच. बारशाच्या त्या पणजीचे नावही या देवीवरूनच ठेवलेले होते. मुलीच्या बापाने नाव ठरवताना फक्त एवढेच पाहिले होते, की आजीचे नाव मराठी शाळेच्या हजेरीत कसे लिहिता येईल.