पार्श्वभूमी : चार्टरहाऊस आणि 1611 पासूनचे रहिवासी

लंडनमध्ये स्मिथफील्डच्या मांसबाजाराजवळ चार्टरहाऊस ही जुनी वास्तू आहे. साठी ओलांडलेले, हाताशी फारसा पैसा नसलेले चाळीसहून अधिक लोक आज तिथे राहतात. त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. ही वास्तू कशी जपायची, हा प्रश्न निघाला की आधी त्यांचा विचार करावा लागतो.

जागेचा इतिहास सुरू होतो 1348 च्या प्लेगपासून. मृतांना पुरायला शहरात जागा उरली नाही, तेव्हा सर वॉल्टर मॅनी याने ही जमीन मिळवून दिली. 1371 मध्ये इथे कार्थुसियन या एकांतात राहणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथाचा मठ उभा राहिला. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला चर्चचा प्रमुख मानायला मठाधिपती जॉन हॉटन यांनी नकार दिला आणि 1535 मध्ये त्यांना हाल करून मारण्यात आले. 1537 मध्ये मठ बंद झाला. पुढे तो सरदारांचा वाडा बनला.

थॉमस सटन हा कोळशाच्या खाणी आणि सावकारी यांतून गबर झालेला माणूस. 1611 मध्ये त्याने 13,000 पौंडांना ही वास्तू घेतली आणि 80 निराधार पुरुष व 40 गरीब मुलांची सोय लावून दिली. जायबंदी सैनिक, जहाज बुडून कफल्लक झालेले व्यापारी अशांसाठी ती होती. सटन त्याच वर्षी वारला आणि वारसाने दावा ठोकला. 1612 मध्ये निकाल संस्थेच्या बाजूने लागला. न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी नोंदवलेला हा खटला कंपनी कायद्याच्या अभ्यासात आजही येतो. माझ्या मते इमारत वाचली ती खरी तिथे, कारण निकाल उलटा गेला असता तर पुढे जपायला काही उरलेच नसते.

मुलांची शाळा 1872 मध्ये लंडनबाहेर गोडाल्मिंगला गेली. मोकळ्या जागेला किंमत आली. 1886 मध्ये विश्वस्तांनीच जुन्या वास्तूवर घाला घालणारे विधेयक संसदेत आणले. विरोध झाला आणि ते बारगळले. ज्यांच्या हाती राखण होती त्यांच्याकडूनच धोका यावा, याचे वाईट वाटते.

मे 1941 च्या बॉम्बहल्ल्यात आगीने मोठ्या दालनासह बराच भाग जळाला. सीली आणि पॅजेट या वास्तुविशारदांनी दुरुस्ती केली. त्या कामात जुन्या मठाची रचना उजेडात आली आणि मॅनीची कबरही सापडली. हे सगळे करताना म्हाताऱ्यांना तिथून कायमचे हलवून निव्वळ स्मारक करता आले असते. तसे केले नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

2017 मध्ये वास्तूचा काही भाग संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुला झाला. त्यानंतर स्त्रियांनाही रहिवासी म्हणून प्रवेश मिळू लागला. पाहुण्यांना वास्तू फिरवून दाखवण्याचे काम काही ब्रदर स्वतःच करतात.