शेकोटी शेजारची, धूर आपल्या खोलीत: सामाईक धुराड्यांची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या जुन्या गावात रेल्वेने शिरताना आधी दिसतात ती छपरं, आणि छपरांवर ओळीने उभी असलेली विटांची धुराडी. एकेका धुराड्यावर चार, सहा, कधी आठ मातीच्या कुंड्या, म्हणजे धूर बाहेर सोडणारी भाजक्या मातीची तोंडं. साधारण हिशेब असा, की एक कुंडी म्हणजे खाली कुठेतरी एक शेकोटी, खोलीच्या भिंतीत बांधलेली विस्तवाची जागा. धुराडं दोन घरांच्या मधल्या भिंतीवर असेल तर निम्म्या कुंड्या या घरच्या, निम्म्या त्या घरच्या.

लंडन, लेस्टर, बर्मिंगहॅमकडे व्हिक्टोरियन काळातलं रांगेतलं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला हा हिशेब कळतो तो बहुधा पहिल्या हिवाळ्यात. आपण काहीच पेटवलेलं नसतं आणि रात्री झोपायच्या खोलीत जळत्या लाकडाचा वास येतो. संशय शेजाऱ्यावर जातो, बोलणं तुटतं. शेजाऱ्याची शेकोटी मात्र अनेकदा व्यवस्थित पेटलेली असते. बिघाड मधल्या भिंतीत असतो, छपरावर असतो, नाहीतर आपल्याच घरातल्या हवेत. हे तीन बिघाड वेगळे आहेत आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. तो फरक ओळखायला माणसं कशी शिकली, हे समजून घेतलं तर शेजाऱ्याशी बोलणंही सोपं जातं.

भिंतीची गोष्ट सर्वांत जुनी. ११८९ सालच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लंडनच्या बांधकाम नियमांत दोन शेजाऱ्यांनी प्रत्येकी दीड फूट जागा सोडून तीन फूट जाडीची दगडी भिंत सामाईक खर्चाने बांधावी, असं ठरवून दिलं होतं. त्या भिंतीत दोघांनाही आपापल्या बाजूने एकेक फूट खोल कोनाडा करता येई. मधला एक फूट मात्र शाबूत ठेवायचा. ही सगळी काळजी आगीची होती, धुराची नव्हे. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर, १६६७ च्या कायद्याने लंडनची घरं विटांची झाली, तेव्हाही भीती आगीचीच होती.

पुढे कोळसा आला आणि खोलीगणिक छोटी शेकोटी बांधायची पद्धत रुळली. प्रत्येक शेकोटीला थेट कुंडीपर्यंत धूर नेणारा स्वतःचा वेगळा नळ लागतो. खालच्या खोलीचा नळ वर जाताना वरच्या खोलीच्या शेकोटीला वळसा घालून जातो, म्हणजे वाकतो. बाहेरून भरभक्कम दिसणारी ही भिंत आतून अशी नळांनी पोखरलेली असते. दोन नळांच्या मधला पडदा अर्ध्या विटेचा, साडेचार इंच, म्हणजे जेमतेम ११ सेंटिमीटर. तिथले गवंडी या पडद्याला ‘विथ’ म्हणतात. दोन कुटुंबांच्या धुराच्या मध्ये अनेक ठिकाणी एवढाच आडोसा असतो.

नळाला आतून गिलावा करायचे तो चुन्यात शेण कालवून. शेणाने सारवलेली चूल आपल्याला नवी नाही, पण लंडनच्या घरांच्या भिंतीतही शेण आहे हे वाचलं तेव्हा मला त्या गवंड्यांबद्दल एकदम जवळीक वाटली. चूल मात्र पुन्हा पुन्हा सारवता येते. नळाच्या आतला गिलावा एकदा केला की त्याच्यापर्यंत हात पोहोचत नाही. कोळशाच्या काजळीतलं गंधक आणि ओल मिळून चुना खातात, सांधे मोकळे होतात, वळणावरची एखादी वीट ढिली पडते.

त्या वळणांतून हात पोहोचायचे ते लहान मुलांचे. धुराडी झाडणाऱ्या पोरांना संरक्षण देणारे कायदे १७८८ पासून होत गेले आणि मोडलेही गेले. फेब्रुवारी १८७५ मध्ये केंब्रिजशायरमधल्या फुलबोर्नच्या इस्पितळात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा लहान मुलगा धुराड्यात अडकून मरण पावला. त्याच वर्षी समाजसुधारक लॉर्ड शाफ्ट्सबरींच्या प्रयत्नांनी झालेल्या कायद्यानंतर ही प्रथा संपली. लांब दांड्याचे ब्रश तर १८०३ पासून उपलब्ध होते. सत्तर वर्षं ते असूनही मुलं वापरली गेली, हे वाचताना आजही राग येतो.

निदानाचा पाया घातला तो बेंजामिन फ्रँकलिनने. १७८५ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, फ्रान्सहून अमेरिकेला परतताना जहाजावर बसून त्याने व्हिएन्नाच्या दरबारातले वैद्य यान इंगेनहाउस यांना धुरकट धुराड्यांवर एक लांबलचक पत्र लिहिलं. तोवर एकच रामबाण उपाय सगळीकडे लावणारे कारागीर होते. फ्रँकलिनने धूर घरात येण्याची नऊ वेगवेगळी कारणं मांडली आणि कारण ओळखल्याशिवाय उपाय करू नका, असं बजावलं. पहिलं कारण हवेचा तुटवडा. चांगल्या सुताराने दारं-खिडक्या इतक्या घट्ट बसवलेल्या असतात की धुरासोबत वर जायला खोलीत हवाच येत नाही. चौथं कारण दोन शेकोट्यांची ओढाताण: जोरात पेटलेली शेकोटी दुसरीच्या नळातून हवा खाली ओढते आणि त्या दुसरीचा धूर खोलीत येतो. आठवं तर थेट आपलंच दुखणं आहे. ज्या खोलीत विस्तवच नाही तिच्या नळात शेजारच्या कुंडीचा धूर वरून शिरतो आणि खाली उतरतो. उन्हाळ्यात थंड नळातून हवा दिवसा खाली आणि रात्री वर वाहते, हेही त्याने पाहून ठेवलं होतं. उपाय म्हणून नळात सरकती लोखंडी पट्टी बसवून न वापरलेला नळ बंद ठेवायला त्याने सांगितलं.

हवा किती हवी हे मोजायची त्याची रीत इतकी साधी की ती आजही घरी करून पाहता येते. शेकोटी नीट पेटू द्यायची, मग दार हळूहळू लोटायचं. धूर खोलीत यायला लागला की दार किंचित उघडायचं आणि धूर थांबेल तिथे धरायचं. उरलेली फट मोजली की तेवढी हवा त्या शेकोटीला हवी. आठ फुटी दाराला अर्ध्या इंचाची फट राहिली तर ४८ चौरस इंच. बहुतेक शेकोट्यांना ३६ चौरस इंच पुरतात, असा त्याचा अनुभव होता. सध्याच्या इंग्लिश बांधकाम नियमांत ५०० मिलिमीटर रुंदीच्या उघड्या शेकोटीसाठी २०,५०० चौरस मिलिमीटरचा झरोका सांगितला आहे; ३६ चौरस इंच म्हणजे सुमारे २३,२०० चौरस मिलिमीटर. दोनशेहून अधिक वर्षांच्या अंतराने आकडे इतके जवळ यावेत!

१७९६ मध्ये काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने शेकोटीचा गळा, म्हणजे विस्तवावरून धूर नळात शिरतो ती वाट, चार इंचांवर आणला आणि बाजूच्या भिंती तिरप्या केल्या. आपल्या हाताखालून पाचशे धुरकट धुराडी गेली, असं त्याने लिहिलं आहे. पण त्याचं सगळं काम शेकोटीच्या तोंडाशी होतं. मधल्या पडद्याच्या दुखण्याला त्याचा उपयोग नव्हता.

आजच्या तक्रारींचं मूळ विसाव्या शतकात आहे. डिसेंबर १९५२ च्या लंडनमधल्या जीवघेण्या धुरक्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला, धूरबंदीची क्षेत्रं ठरली आणि लाखो शेकोट्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या. नळ मात्र भिंतीत तसेच राहिले: थंड, न झाडलेले, विसरलेले. नव्या नळांना आतून अस्तर बंधनकारक करणारे नियम १९६६ पासून लागू झाले, म्हणजे त्याआधीची घरं बहुतेक बिनअस्तराची. मग दुहेरी काचा आल्या, स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारे पंखे आले, आणि फ्रँकलिनचं पहिलं कारण घरोघरी हजर झालं. अशात एका घराने फळी काढून लाकडाचा स्टोव्ह बसवला, की त्याचा तापलेला नळ आणि शेजारचा थंड नळ यांच्यामध्ये तोच सव्वाशे-दीडशे वर्षांचा पडदा.

वास कधी येतो याची आठवडाभर वही ठेवली तर कोडं बरंचसं उलगडतं. ठरावीक दिशेचा वारा असतानाच येत असेल तर धूर बहुधा वरून, कुंडीतून उतरतोय. मग दोन कुंड्यांच्या उंचीत फरक करायचा आणि आपला न वापरलेला नळ खालून बंद करायचा, पण ओल साचू नये इतका वारा खेळता ठेवून. आपला पंखा लावल्यावरच येत असेल तर आपलंच घर धूर ओढतंय. बाहेरून हवा यायला वाट करून द्यायची. शेजाऱ्याने नुकतंच पेटवल्यावर किंवा रात्री उशिरा विस्तव विझत आल्यावर येत असेल, माळ्यावर जास्त जाणवत असेल, तर संशय पडद्यावर. नळ नीट तापलेला असतो तेव्हा तो भेगेतून उलट आपल्याकडची हवाच ओढून घेतो. थंड पडू लागला की ती ओढ जाते आणि धूर भेगेतून अलीकडे येतो.

नेमक्या त्याच वेळी, मंद निखाऱ्यांतून, कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त निघतो, आणि त्याला ना वास ना रंग. इंग्लंडमध्ये २०१० पासून नवा स्टोव्ह बसवताना त्याच खोलीत या वायूचा इशारा देणारं यंत्र लावावं लागतं. भिंतीपलीकडच्या घराला तशी सक्ती नाही. म्हणून पलीकडच्यांनी ते स्वतःहून, झोपायच्या खोलीत लावावं, आणि पडद्याचा संशय असेल तर तपासणी होईपर्यंत शेजारच्या घरी काहीही पेटवू नये.

तपासणी करणारा आधी दोन्ही घरांतल्या शेकोट्या मोजतो, मग छपरावरच्या कुंड्या. हिशेब जुळला नाही तर कोणीतरी मधे दोन नळ एकत्र केलेले असू शकतात, किंवा खोली मोठी करायला शेकोटीचा पुढे आलेला भाग पाडलेला असतो. सामाईक भिंतीला हात लावायचा असेल तर १९९६ च्या कायद्याने शेजाऱ्याला आधी लेखी सूचना द्यावी लागते, पण त्याआधीची पाडापाडी अनेकदा कुठे नोंदलेली नसते. मग नळ खालून बंद करून आत धुराच्या गोळ्या पेटवतात, वर कुंडीच्या तोंडाला पिशवी बांधतात, आणि माणसं दोन्ही घरांतल्या खोल्यांतून, माळ्यांवरून धूर शोधत फिरतात. भेग सापडली तर अस्तर घालायचं ते स्टोव्ह असलेल्या नळात: स्टेनलेस स्टीलची लवचिक नळी, नाहीतर आतून ओतलेलं काँक्रीट. आपल्या बाजूने भेग बुजवून भागत नाही, कारण पुढची भेग वरच्या वळणावर असते. या तपासणीसाठी दोन्ही घरांच्या किल्ल्या एकाच दिवशी लागतात.